लांबून आलेल्याला आधी

विजयमालाबाईंच्या वांग्यांच्या वाफ्यात उभं राहून हात लांब केला, तर दवाखान्याच्या खिडकीचा गज हाताला लागतो. दवाखाना आणि त्यांचं घर यांच्यात एक भिंत, तीही कमरेएवढी. दवाखान्याची जागा त्यांच्या सासऱ्यांनी, धोंडीबा आबांनी दिलेली. प्यायचं पाणी अजूनही त्यांच्याच विहिरीचं. आणि एवढं सगळं असून त्या दवाखान्यात विजयमालाबाईंचा नंबर कायम शेवटचा. ताप असो, गुडघा असो, दाढ असो, शेवटचा. दवाखाना आणि त्या एकाच वर्षी या वावरात आल्या, म्हणजे चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि तेवढी वर्षं त्या बाकाच्या टोकाला बसून पुटपुटत आल्या आहेत.

"जागा आमची, पाणी आमचं, आन् आमीच मागं! ह्याला काय न्याव म्हनायचा का?"

याला कारण राजलक्ष्मीबाई. त्या पुण्याहून आलेल्या डॉक्टर. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याच्या काठावर, आबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी दवाखाना मांडला तेव्हा आसपासची माणसं उजाडताच दारात येऊन बसायची. लांबची माणसं बैलगाडीनं, एसटीनं, पायी येईपर्यंत दुपार टळायची, आणि औषधं संपलेली असायची. एकदा कुणी बाई तापानं फणफणलेलं पोर घेऊन आली आणि कुलूप बघून तशीच परत गेली. ते पोर पुढं राहिलं की नाही, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर राजलक्ष्मीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, असं आबा सांगायचे.

त्याच आठवड्यात कालव्यावर पाण्याची भांडणं जुंपली होती. बाईंनी आबांना सहज विचारलं, पाणी वाटायचा नियम तरी काय? आबा म्हणाले, नियम सरळ हाय, पाणी आधी टेलला, म्हणजे पार शेवटच्या गावाला. ते भिजलं की मग वर वर यायचं, आणि कालव्याच्या तोंडाशी बसलेल्यानं सगळ्यांत शेवटी घ्यायचं. बाईंनी विचारलं, मग तसं होतं का? आबा खो खो हसले. म्हणाले, कागदावर हुतं की!

दुसऱ्या दिवशी बाईंनी दारातली रांग उलटी केली. अडलेली बाई आणि सापाचं पान लागलेला माणूस यांना रांग नाही, पण बाकीच्यांत जो सगळ्यांत लांबून आला तो आधी. भिंतीपलीकडचा शेवटी. केसपेपरवर नाव आणि गाव, बस. आडनाव विचारायचं नाही, कारण एकदा आडनाव ऐकून शेजारचं बाकडं रिकामं झालेलं बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जो जे गाव सांगेल ते त्याचं गाव, त्यावर उलटा प्रश्न नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी ऐकून तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. इथं कुणी एकटं झोपणार नाही. लांबचं माणूस एकटंच यायचं, कारण घरचं दुसरं माणूस गुरंढोरं सोडून येणार कसं? तर त्याच्या गावानं सोबत पाठवायची. पाण्याची बारी असते तशी सोबतीची बारी. आज या घरानं, उद्या त्या घरानं. आपल्या गावचा पेशंट मग कुणीही असो, ज्याच्याकडं आपण जेवत नाही तो असो नाहीतर ज्याच्याशी बांधावरून कोर्टात भांडतोय तो असो, त्याच्या उशाला रात्र काढायची.

कालव्यावर पोलीस आले, साहेब आले, आणि पाणी काही नियमानं वाहिलं नाही. पण दवाखान्यातली रांग बाईंच्या मागंही एक दिवस सरळ झाली नाही. आमदाराचा मेहुणा येऊन शेवटी बसला आहे. साखर कारखान्याचे संचालक शेवटी बसले आहेत. हे कसं झालं म्हणून विचाराल, तर ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. विजयमालाबाईंना तर हे सारं वेडेपणाचंच वाटायचं.

आता त्यांना मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात पार धुकं आणि डाव्यातही सायीसारखं काहीतरी दाटून आलेलं. मेथीची जुडी बांधताना हाताला पालापाचोळा लागायचा, तो दिसायचा नाही. नात छकुली पुढ्यात येऊन उभी राहिली, तर ती हसते आहे की रडते आहे हे आवाज ऐकल्याशिवाय कळायचं नाही. हे मात्र त्यांना सोसवत नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. दर खेपेला लांबच्या माणसांतच दिवस संपायचा आणि विजयमालाबाई डोळे चोळत घरी. मुलगा शिवम माळेगावच्या कारखान्यात कामाला. तो म्हणायचा, "आये, बारामतीत दाखवू, एका दिवसात होतंय." पण त्या ऐकतील तर शपथ. आपल्या जागेत दवाखाना, आणि मोतीबिंदू काढायला बारामतीला?

शेवटी त्यांचं डोकं फिरलं. शिवमला आणि सून रोहिणीला त्यांनी सांगितलं, मोरगावच्या गणपतीला जाते, ओळखीच्या बाईकडं रात्र काढीन, उद्या येते. पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेल्या, आणि उसाच्या कडेकडेनं मागं वळून दवाखान्याच्या पुढच्या दारात येऊन बसल्या. टेबलाशी पुण्याच्या पथकाबरोबर आलेली अनिता नावाची नवी मुलगी होती. ती यांना ओळखत नव्हती.

"नाव?"

"विजयमाला."

"गाव?"

एवढ्या वर्षांचा राग त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता. "माळकुरण," त्या म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या, पण तो शब्द तोंडातून जाताना कुठंतरी अडखळला. माळकुरण म्हणजे त्यांचं माहेर. कालव्याच्या पार टेलला, इंदापूर तालुक्यात, जिथं पाणी पोचलं तर पोचलं. त्या गावाचं नाव त्यांनी शिवम रांगत होता तेव्हापासून घेतलं नव्हतं.

त्या साली पाऊस नव्हता. वरच्या अंगाच्या सगळ्यांनी कालव्यात मोटारी टाकल्या, आणि त्यांत विजयमालाबाईंचा नवरा भिमाही होता. इकडं ऊस हिरवागार राहिला आणि तिकडं माळकुरणात उभा गहू वाळला. धाकटा भाऊ म्हस्कू सायकल मारत आला. ज्याला कडेवर घेऊन त्या गावभर हिंडल्या होत्या, तोच म्हस्कू. अंगणात उभा राहिला, बसला नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाला, "आक्का, आमच्या वाटचंच पानी हाय हे. ह्या घरचं पानी पुन्यांदा पिनार न्हाय." भिमा काही बोलला नाही, आणि विजयमालाबाईही नाहीत. सायकल फिरवून तो गेला. मग ना राखी, ना भाऊबीज. आई गेली तेव्हा निरोप आला तो तिसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून.

माळकुरणहून लांब त्या दिवशी कुणीच नव्हतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा विजयमालाबाईंचा नंबर पहिला लागला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंसुद्धा, आणि दुपारी त्या पट्टी बांधून खाटेवर पडल्या. जिंकल्याचं सुख होतं. खिडकीतून त्यांच्याच म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं, रोहिणी छकुलीवर ओरडत होती. विजयमालाबाईंनी अंगावरची चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

तेवढ्यात अनिता आली. "आजी, माळकुरणला फोन केला बरं का. तुमची सोबत संध्याकाळपर्यंत येईल."

विजयमालाबाई ताडकन उठून बसल्या. "सोबत? कुनी सांगितलं? मला न्हाय लागत सोबत!"

"आजी, झोपा, डोळ्याला ताण येईल. मला आल्या आल्या इथल्यांनी सांगितलंय, इथं कुणी एकटं झोपत नाही."

आता काय करायचं? खरं गाव सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर माळकुरणहून कोण येईल देव जाणे. त्या मनात एकेक घर मोजत राहिल्या. सुताराच्या घरची बारी असली तर बरं, ती माणसं कमी बोलतात. अक्काबाई आली तर मेलेच, सकाळपर्यंत सगळा तालुका गोळा करील.

उन्हं कलल्यावर डॉक्टर मेघना फेरीला आल्या. राजलक्ष्मीबाईंच्या मागं दवाखाना त्याच बघतात. जन्म याच दवाखान्यातला. विजयमालाबाईंच्या विहिरीवर पोहायला शिकलेली पोर ती. खाटेवरचा कागद बघून ती थांबली.

"काकू," ती हळू म्हणाली, "माळकुरणच्या का?"

विजयमालाबाईंचा चेहरा पडला. "मेघे, चुकलं गं. काढ नाव, मी घरी जाते."

"का काढायचं? गाव खोटं सांगितलंय का?" मेघना त्यांच्या पायावरची चादर सारखी करत म्हणाली. "माहेरच आहे की तुमचं. आणि बाई काय म्हणायच्या, जे सांगेल ते गाव. पडून राहा. सोबत येतीय." आणि ती पुढच्या खाटेकडं गेली.

पडल्या पडल्या विजयमालाबाई ऐकत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी हा दवाखाना बाकावरून पाहिला होता, खाटेवरून कधी नाही. एकेक करून सोबती येत होते. कुणी पिशवी ठेवत होतं, कुणी कांबळं झटकत होतं. "कुठलं गाव? मग आमच्याच शिवंला की." शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, लाकडं फोडून पोट भरणारी, मागं पुढं कुणी नसलेली. तिच्या उशाला तिच्या गावचा चांगला बागायतदार बसला होता, आणि तिला मऊ भात भरवताना म्हणत होता, "आ कर मावशे, आ कर, मला उद्या डाळिंबं तोडायची हायती." म्हातारी खुदुखुदु हसत होती. भिंतीपलीकडं आपण वांगी खुरपत होतो, आणि भिंतीच्या अलीकडं रोज संध्याकाळी हे चाललं होतं.

मग दारातून चपला ओढत कुणीतरी आलं आणि खाटेशी थांबलं. डाव्या डोळ्याच्या धुक्यात एक टोपी आणि एक पांढरं धोतर दिसलं.

"माळकुरनचा हाय," आवाज आला. "सोबतीला आलोय."

तो आवाज ओळखायला डोळे कशाला लागतात? म्हस्कू होता. घसा म्हातारा झाला होता, एवढंच.

विजयमालाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. टोपी खाली टेकली. नाव ऐकूनच आला असणार, म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. आणि दोघंही एकाच आईची लेकरं, हट्टाला कमी नव्हती.

अनिता औषध घेऊन आली तेव्हा म्हस्कू म्हणाला, "त्या बाईस्नी इचारा, हुलग्याचं माडगं आनलंय. घेनार का?"

"त्या पाव्हन्यांना सांगा, भूक न्हाय," विजयमालाबाई भिंतीला म्हणाल्या.

"त्या बाईस्नी सांगा, उपाशी पोटी गोळी घिऊ ने."

अनिता एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली. शेवटी तिनं डब्याचं झाकण काढलं, आणि वाफेबरोबर तो वास आला. लसूण, जिरं, हुलगा. थंडीतली आईची चूल. विजयमालाबाईंनी गुपचूप हात पुढं केला आणि वाटी तोंडाला लावली. अर्धी झाल्यावर म्हणाल्या, "त्या पाव्हन्यांना सांगा, मीठ कमी हाय."

"त्या बाईस्नी सांगा, आईचं बी कमीच असायचं."

विजयमालाबाईंनी उरलेली वाटी चाटूनपुसून संपवली. डॉक्टरांनी रडायचं नाही असं बजावलं होतं. त्या रात्री त्यांना जेव्हा जेव्हा जाग आली, तेव्हा ती टोपी तिथंच होती.

सकाळी मेघनानं पट्टी सोडली. म्हणाली, हळूहळू उघडा. आधी नुसता उजेड आला. मग छताचा पंखा, त्याच्या पात्यांवरची धूळसुद्धा. मेघनाच्या कपाळावरचा तीळ. खिडकीचे गज, आणि गजांपलीकडं वांग्यांची जांभळी फुलं, एक एक वेगळी. विजयमालाबाईंच्या तोंडून नुसतं "अगं बया!" निघालं. जग एवढं लख्ख असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

मग त्यांनी मान वळवली. कोपऱ्यात माठाशी उभा राहून एक म्हातारा पेल्यानं पाणी पीत होता. गालफडं बसलेली, मिशा पांढऱ्या, मान थेट बापासारखी. पाण्याचा घोट गळ्यातून खाली जाताना दिसत होता. त्यांच्या मनातला म्हस्कू अजून सायकलवरच होता, काळ्याभोर केसांचा. हा कोण आणि कधी झाला?

बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. पण तोंडातून गेलंच.

"म्हस्कू, ते पानी आमच्या हिरीचं हाय."

म्हस्कूनं पेला पुरता रिकामा केला आणि धोतरानं मिशा पुसल्या.

"ठाव हाय," तो म्हणाला. "लई वर्सं पितोय."

"लई वर्सं?"

"मग? सोबतीची बारी काय माळकुरनला न्हाय व्हय? आमच्या घरची बारी आली की मीच येतोय. पयल्यापास्नं." तो खाटेशी येऊन बसला आणि खिडकीकडं बघत बोलू लागला. "ह्या खिडकीतनं समदं दिसतं, आक्का. तुझी वांगी दिसत्यात. शिवमचं लगीन हितनंच बघितलं. तुझी नात पयल्यांदा चालली, ती त्या म्हशीच्या खुट्याला धरून. दाजी गेलं तवा बी मी हितंच हुतो, एका पोराच्या उशाला. तू वट्यावर बसली हुतीस."

विजयमालाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. भिंत कमरेएवढी. एवढी वर्षं.

"आरं, मग भित वलांडून आला का न्हाईस?"

"बोललो हुतो न्हवं? ह्या घरचं पानी पिनार न्हाय म्हनून. हे दवाखान्याचं पानी, हे चालतंय." तो हसायला गेला, पण ते त्याला नीट जमलं नाही. "आन् तू तरी कवा माहेराचं नाव घेतलंस? काल सरपंचाच्या घरी फोन आला. माळकुरनची विजयमाला एकटीच आलीया, सोबत धाडा. तू माळकुरन म्हनलीस, आक्का. बारी दुसऱ्याची हुती, मी मागून घेतली."

विजयमालाबाईंनी त्याचा हात धरला. खरबरीत, वाळलेला, टेलच्या रानातला हात. इतकी वर्षं त्या बाकाच्या टोकाला बसून कुरकुरत होत्या की ह्या दवाखान्यानं आपल्याला काय दिलं. आणि त्यांचा भाऊ परक्या माणसांच्या उशाला बसायचं निमित्त करून त्यांच्याकडं बघत राहिला होता. ही खिडकी आबांच्या जमिनीवर, राजलक्ष्मीबाईंनी कुठल्याशा न परतलेल्या पोरासाठी उघडून ठेवलेली. त्या बाईला आपण वेडी म्हणत आलो, हे आठवून त्यांना लाज वाटली. त्यांनी मनातल्या मनात तिला हात जोडले.

"डाव्या डोळ्याला काय गाव सांगणार, काकू?" मेघनानं विचारलं.

"आमचंच सांगीन. बशीन शेवटी," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि डोळ्यावर काळा चष्मा चढवून उठल्या.

घरी जाताना त्या रस्त्यानं गेल्या नाहीत. म्हस्कूला घेऊन मागच्या भिंतीशी आल्या. दोघांची मिळून सव्वाशेच्या पुढं वयं, पण एकमेकांना धरून ती भिंत ओलांडली. अंगणात रोहिणी शेणाच्या पाटीसकट उभीच राहिली.

"आत्याबाई? तुमी तर मोरगावला..."

"मग सांगते. पाव्हना आलाय."

छकुली धावत आली आणि काळा चष्मा बघून थबकली. विजयमालाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. पुढचा एक दात पडला होता. ती हसत होती. आवाज न ऐकता कळलं.

"पानी आन बाळ."

छकुली दोन्ही हातांनी तांब्या सांभाळत आली आणि नेहमीप्रमाणे तो आजीच्या पुढं धरला. म्हस्कू अंगणात त्याच जागी उभा होता, मागच्या खेपेला उभा होता तिथंच. टोपी हातात घेतलेली. बसला नव्हता.

विजयमालाबाईंनी तांब्या घेतला नाही.

"आधी त्याला दे," त्या म्हणाल्या. "तो लांबून आलाय."

म्हस्कूनं तांब्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. मग अंगणात मांडी घालून बसला आणि ओंजळ पुढं केली.